कालव्यातले शिंपले

मिस्त्री आणि त्यांची लेक एकमेकांशी आईमार्फत बोलायचे. बाबा हाताच्या अंतरावर बसलेले असले, तरी लेक म्हणायची, "बाबांना सांग, चहा झालाय." आई वैतागायची, "मी काय पोस्टमन आहे?" आणि तरी निरोप पोचवायची.

मिस्त्रींचं आयुष्य कालव्याची दारं सांभाळण्यात गेलं होतं. लेकीनं इंजिनिअर व्हावं, धरणं बांधावीत, एवढीच त्यांची आस. पण तिनं ते शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा अभ्यास धरला. "शिंपले वेचायला एवढं शिकवलं होय? शंखच आहे नुसती!" असं ते एकदा पाहुण्यांसमोर बोलून गेले, आणि घरात अबोला मुक्कामाला आला.

यंदा कालव्याचं मोठं दार बदलायचं ठरलं. त्यासाठी खालचा टप्पा रिकामा करायचा होता. आजवर तो कधीच कोरडा पडला नव्हता. जेवताना हे कानावर आलं आणि लेकीचा घास हातातच राहिला. आईला मध्ये न घालता ती म्हणाली, "बाबा, पाणी हळूहळू उतरवा. तळाशी इथले मूळचे शिंपले आहेत, या भागात आणखी कुठे उरलेले नाहीत. एकदम पाणी गेलं तर उघड्यावर मरतील."

"पाण्याबरोबर सरकत जातील की. का पाय नाहीत त्यांना?"

"एक आहे. पण फार हळू चालतो."

मिस्त्रींना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं. "माणसं ठरलीत, क्रेन ठरलीय. आता थांबता येणार नाही."

आणि ते थांबले नाहीत. पहाटे पाणी सोडलं, उन्हं वर येईतो तळ उघडा पडला. लेक टोपली आणि ओली पोती घेऊन एकटीच चिखलात उतरली.

"कालव्यात कालवं नाही सापडणार तर काय हत्ती?" काठावरचा एक कामगार म्हणाला.

"कालवं समुद्रात असतात, दादा. हे शिंपले," ती मान वर न करता म्हणाली.

तेवढ्यात तिचा बूट चिखलात रुतला. ओढून निघेना, तशी तिनं पाय मोकळा केला, बूट तिथंच सोडला आणि अनवाणी पुढे निघाली. हा हट्ट कुठून आला, हे मिस्त्रींना कुणी सांगायला नको होतं. क्रेनवाल्याला ते म्हणाले, "चहा घे. झाला की आणखी एक घे." मग पँट दुमडून खाली उतरले.

"कुठे बघायचं?"

लेकीनं बोट दाखवलं. "चिखलात रेघ दिसतेय ना? तिच्या टोकाशी. बोटं हलकेच घाला."

त्यांच्या हाताला तळव्याएवढा काळा शिंपला लागला. "हा केवढ्याचा असेल गं?"

तिनं अंगठ्यानं चिखल पुसून त्यावरची वर्षागणिक वाढणारी वलयं मोजली. "तुमच्याहून थोरला."

मिस्त्रींनी तो दोन्ही हातांत धरला आणि टोपलीत ठेवताना म्हणाले, "बसा, आजोबा." काठावर हशा पिकला. मग एकेक करत सगळेच खाली उतरले. टोपल्या वरच्या टप्प्यात नेऊन शिंपले वाळूत खोचताना लेक ओरडत होती, "उलटा नको! तोंड वर!"

सगळे वाचले नाहीत. पलीकडच्या कडेला ऊन आधी पोचलं होतं. तिथले कितीतरी आ वासून पडले होते. मिस्त्री तिथं उकिडवे बसले.

"तू सांगत होतीस," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. राहू दे, असं काही ती म्हणाली नाही. मग तिनं विचारलं, "वरचं दार कधी बदलणार?"

"पुढच्या वर्षी."

"तेव्हा?"

"तेव्हा पाणी सोडायचं चाक मी फिरवीन," मिस्त्री गुडघ्यांवर हात टेकत उठले. "किती फिरवायचं, कधी थांबायचं, ते तू सांगायचं."