सात मात्रांचा हापसा

'गढूळ' हा नांदेडचा बँड प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतो. म्हणजे गाणं चौदा मिनिटांचं असतं, ठेका मोडत मोडत जातो, आणि ऐकणारे मोजकेच असले तरी मान जाणत्यासारखी हलवतात. बँड दोघांचा, दोघंही मुखेडकडच्या एकाच गावचे. सुदर्शन गिटार वाजवतो, शब्द लिहितो, मुलाखती देतो. अश्वजित ड्रम वाजवतो आणि मुलाखतीत कडेला बसतो.

त्यांच्या 'तहान' या गाण्यात कुणाचं काय, ते सांगतो. नाव सुदर्शनचं, शब्द सुदर्शनचे, ठेका अश्वजितच्या बौद्धवाड्यातल्या हापशाचा. हापशाचा वायसर, आतली चामड्याची चकती, झिजला होता. दांडा पाच वेळा दाबला की पाणी यायचं, पुढच्या दोन वेळा नुसता कोरडा खडखडायचा. हे सात ठोके अश्वजितनं मोबाईलवर टिपून आणले. बँडमध्ये त्याची म्हणावी अशी वस्तू ती एकच.

लातूरच्या स्टुडिओत तारीख मिळाली आणि घोळ लक्षात आला. मोबाईलवर हापशाइतकीच अश्वजितची आई भामाबाई वाजत होती. हापशाला, सरपंचाला आणि अर्ज दाबून बसलेल्या साहेबाला एका दमात शिव्या.

"काकू लई बोलून राहिल्या रे," सुदर्शन म्हणाला. "जा, नवीन टिपून आण."

"हापसा नीट झाला. मागच्या महिन्यात."

घरातलं कुणी गेल्यासारखं सुदर्शनचं तोंड झालं. "कोणी केला?"

"आईनं. दोन वर्षं अर्ज देऊन राहिली होती."

ती दोन वर्षं बौद्धवाड्यातल्या बाया सुदर्शनच्या वडलांच्या, व्यंकटरावांच्या बोअरवर पाण्याला जात. व्यंकटराव नाही कधी म्हणाले नाहीत. मोटार चालू करताना फक्त विचारायचे, "आज पुन्हा का?" भामाबाईनं अकरा अर्ज लिहवून घेतले ते त्या प्रश्नापायी.

"एका सकाळपुरता जुना वायसर बसवू," सुदर्शन म्हणाला. "मिस्त्री मी लोह्याहून आणतो. पण बाया मला हात लावू देणार न्हाईत. तू सांग त्यांना. न्हाईतर ठेका कंप्युटरवर करू. मग तू लातूरला येऊन काय करणार, चहा?"

तो हसला. अश्वजितही हसला, जरा उशिरानं.

भामाबाईला आधी कळेचना. "नीट चाललेलं बिघडवायचं?"

"दहा वाजता परत नीट, माय."

"त्या पाटलाच्या पोराला गाण्यात बिघडलेलाच लागतो व्हय?"

पोराचं तोंड बघून तीच म्हणाली, "कर. तुझं काम हाय म्हणून."

मिस्त्रीनं पाईप वर काढले, जुना वायसर घातला. हापसायला भामाबाईच उभी राहिली. सुदर्शननं ओठांवर बोट ठेवून दाखवलं, तशी जन्मात पहिल्यांदा ती तोंड मिटून हापसली. चाळीस मिनिटं. सुदर्शनचे डोळे भरून आले.

नवा वायसर घालून पाईप परत सोडताना पकड निसटली. पाईप बोअरमध्ये गेले. खालून बराच वेळ आवाज येत राहिला. रेकॉर्डर चालूच होता.

"हे काढायला मोठी गाडी लागती," मिस्त्री म्हणाला आणि पाने-हातोडे गोळा करून निघाला.

'तहान' गाजलं, गाजायचं तितकं. शेवटाला पाईप पडल्याचा आवाज आहे. जाणकारांना तोच जास्त आवडला. प्रेरणा कुठून आली, असं एकानं विचारलं. सुदर्शन म्हणाला, "माझ्या मातीतल्या वेदनेतून." अश्वजित कडेला होता. भामाबाईचा बारावा अर्ज तोवर मुखेडला पोचला होता.

पुढच्या आठवड्यात सुदर्शननं गावाहून व्हिडिओ पाठवला. व्यंकटरावांच्या बोअरवर बायांची रांग, एकेक घागर फरशीवर टेकत होती. खाली लिहिलं होतं, "आवाज ऐक! नऊ मात्रांचा ठेका. पुढचं गाणं मिळालं गड्या. शनिवारी टिपायला ये."

रांगेत सहावी भामाबाई होती. कॅमेरा दिसताच तिनं पदर तोंडावर ओढला.

अश्वजितनं व्हिडिओ तीनदा पाहिला.

"नऊ न्हाई, आठ हाय," त्यानं लिहिलं. मग जरा थांबून, "शनिवारी किती वाजता?"