तळ्याकाठच्या चपला

"आत्याबाई, हितून हलू नका. आन् मातीत हात घालू नका, लोक हसतेत," वनमालेनं सासूला बाकावर बसवताना बजावलं आणि नवऱ्याला आणि लेक संस्कृतीला घेऊन ती वरच्या गुलाबांकडे गेली.

बजावायला कारण होतं. तेलगावहून उटीला येऊन कालचा पहिलाच दिवस, आणि केशरबाईंनी काल लाज आणली होती. म्हणजे वनमालेच्या मते. अशाच एका बागेत फुलांपाशी झाडून सगळे फोटो काढत होते, आणि ही म्हातारी वाफ्यात बसून खुशाल गवत उपटत होती. रखवालदारानं शिट्टी फुंकली. शेजारच्या चारचौघी तोंडाला रुमाल लावून हसल्या. वनमालेनं तिथंच सासूचा दंड धरून तिला उठवलं. "आपण हितं फिरायला आलोत, रोजानं न्हाई आलो!" असंही बोलून गेली. केशरबाईंनी हात झटकले आणि लुगड्याला पुसले. रात्री जेवल्याही बेतानंच.

खरं सांगायचं तर केशरबाईंना आणायचा हट्ट वनमालेचाच. नवरा बजरंग शाळेत मास्तर, त्याचं म्हणणं होतं की आईला बहिणीकडे ठेवू. पण वनमाला म्हणाली, त्यांनी जन्मभर कापूस खुरपण्यापलीकडं काय बघितलं? सासूसाठी तिनं हिरवी साडी घेतली, स्वेटर घेतला, नव्या चपला घेतल्या. एवढं करून सवरून माणूस पाहुण्यासारखं बसत नाही म्हणजे काय, असा तिचा राग. राग वाईट नव्हता, पण जिभेला धार फार.

गुलाब बघून तिघं परतली तेव्हा बाकावर नुसती स्वेटरची घडी होती.

"असतील हितंच कुटंतरी," वनमाला म्हणाली. केशरबाईंना मोबाइल वापरता येत नव्हता. हॉटेलचं नाव ठाऊक नव्हतं. मराठीशिवाय अक्षर येत नव्हतं आणि इथं मराठी कुणाला येत नव्हती. त्यात डोंगरावरून धुकं उतरायला लागलेलं.

"तू एकटीला सोडलंसच कावून?" बजरंग ओरडला.

"तुमी न्हवता का संगं?" तीही ओरडली, आणि दोघं दोन वाटांनी धावत सुटली, संस्कृती बापामागं.

"आत्याबाई!" अशा हाका मारत वनमालेनं खेळण्याची जागा पाहिली, काचेचं घर पाहिलं, तिकिटाच्या खिडकीपाशी हिंदीत विचारलं. खिडकीतल्या माणसानं मान हलवली. तळ्याकडच्या अरुंद वाटेवर बागेच्या कामकरी बायका डोक्याला फडकी गुंडाळून, पाठमोऱ्या उकिडव्या बसून खुरपत होत्या. त्यांच्या टोपल्या वाटेत. "हटो, हटो! रास्ता दो!" ती खेकसली. बायकांनी टोपल्या ओढल्या, एकीनं तर अंगच चोरून घेतलं. वनमाला पुढं पळाली. खालच्या फाटकापर्यंत जाऊन तशीच, त्याच वाटेनं, त्याच बायकांच्या पाठीमागून परत आली.

तेवढ्यात तळ्याकडून संस्कृतीची किंकाळी आली. "मम्मीऽ, आजीच्या चपला!"

तळ्याच्या कडेला, अगदी पाण्याशी, नव्या चपलांचा जोड नीट मांडून ठेवलेला होता. भोवती माणसं जमली होती. रखवालदार एकदा पाण्याकडे, एकदा चपलांकडे हात करत आपल्या भाषेत काहीतरी सांगत होता, आणि ते न समजताही सगळं समजत होतं. कुणीतरी लांब बांबू आणायला पळालं. बजरंगाला पोहता येत नव्हतं, तरी तो शर्टाची बटणं काढत होता.

"काल काय बोलली गं तू तिला?" त्यानं वनमालेकडे न बघता विचारलं.

रोजानं न्हाई आलो. तेच शब्द वनमालेच्या कानात घुमत होते. अंगावरचा नवा कोट तिला नकोसा झाला. ती मटकन खाली बसली, आणि बसली म्हणून तिला चपला जवळून दिसल्या.

त्यांची तोंडं पाण्याकडे नव्हती. वाफ्यांकडे होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात ती चपला घालून कापसात शिरली होती, तेव्हा याच सासूनं तिला बांधावरून हाक मारून फैलावर घेतलं होतं. लक्ष्मीत पायताण घालून जातेत व्हय? केशरबाईंच्या चपला नेहमी बांधावर असत, अशाच, जोडीनं, पिकाकडे तोंड करून.

वनमाला चपला उचलून ताडकन उठली आणि वळली. धुक्यात त्या बायका अजून खुरपत होत्या, आपापली पात, वाट्याला आलेली ओळ, धरून पुढं सरकत होत्या. साऱ्यांच्या पायांत प्लास्टिकचे बूट. शेवटचीच्या पायांत काही नव्हतं. भेगाळलेल्या टाचा, गुडघ्यापर्यंत खोचलेली हिरवी साडी, डोक्याला घट्ट गुंडाळलेला पदर.

"आत्याबाई!"

केशरबाईंनी दचकून मागं पाहिलं. हातातलं खुरपं झटकन साडीत लपवलं. "ह्या पोरीनं दिलं, मी मागितलं न्हाई," त्या घाईनं म्हणाल्या. मग तळ्याकडे बघत, "तिकडं कोन पडलं गं पान्यात? कवाची वरडायलेत लोक."

बजरंग धावत आला आणि आईला बिलगून हमसून रडला. वनमालेला रडूही येईना. "मी हितून दोनदा गेले," ती कशीबशी म्हणाली. "तुमाला हाका मारत होते. आइकू न्हाई आलं?"

"आलं की."

"मग ओ कावून न्हाई दिली?"

केशरबाईंनी मान खाली घातली. "आंग चोरून बसले. तू रागं भरशील म्हनून." आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या. "उठते, उठते. लोकात बोलू नको, बाय."

वनमालेनं त्यांचा खांदा धरला. काल दंड धरला होता, तोच हात. "उठू नका," ती म्हणाली. "पात उरकू द्या तेवढी."

रखवालदार शिट्टी फुंकत वाफ्याकडे येत होता. वनमाला चपला छातीशी धरून त्याच्या आडवी उभी राहिली.