दाढीतला बर्फ

दूर उत्तरेतल्या औलू शहरात, आमच्या शाळेत इल्पो कार्युला व्यायाम शिकवायचा. साठीला टेकलेला, पण अंगाने काटक, छातीपर्यंत आलेली करडी दाढी. नदीवरचा लांब पूल ओलांडून तो वर्षानुवर्षं सायकलनेच यायचा. थंडीत दाढी, भुवया, पापण्या सगळं बर्फाने पांढरं झालेलं असायचं. तसाच शिक्षकांच्या खोलीत शिरायचा आणि गाडीने आलेल्यांना विचारायचा, "काय रे, हीटर नीट चालला ना?" मुलांनाही सोडायचा नाही. जाड कपड्यांत गुंडाळून आलेलं पोर दिसलं की म्हणायचा, आली बघा गादी.

त्या वर्षी दक्षिणेच्या किनाऱ्यावरून हेन्रीका नावाची संगीतशिक्षिका आली. तिकडचा हिवाळा ओला, आमच्यासारखा कोरडा आणि धारदार नाही. तिने जुनी सायकल घेतली, बर्फावर घसरू नये म्हणून खिळ्यांचे टायर बसवले आणि कपड्यांचं इल्पोलाच विचारलं. त्याने मनापासून सांगितलं. अंगाला लागून पातळ लोकर, वरून वारा अडवणारं जाकीट, बोटं हलतील असे सैल बूट. निघताना जरा थंडी वाजायला हवी, नाहीतर वाटेत घाम येतो आणि तोच गारठतो. सगळं खरं होतं. मग हेन्रीकाने पिशवीतून मावशीने विणलेले हातमोजे काढले, चारही बोटं एकत्र राहतात तसले, जाडजूड. इल्पोने त्यातला एक उचलून सगळ्यांना दाखवला.

"हे काय, ओव्हनमधून ताटली काढायचे? ब्रेक कशाने दाबणार, कोपराने?"

खोलीत हशा पिकला. हेन्रीकाही हसली, ते हातमोजे पिशवीत ठेवले आणि पुढच्या आठवड्यात पाच बोटांचे पातळ हातमोजे घेऊन आली.

आम्हा शिक्षकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं की तोवर इल्पोचं सायकल चालवणं संपल्यातच जमा होतं. नोव्हेंबरात एकदा पुलावर त्याचा श्वास अडकला. छातीत शिट्टी वाजू लागली, कठड्याला धरून उभं राहावं लागलं. पुन्हा तसंच झालं तेव्हा बायको, मार्युत, त्याला गाडीने सोडू लागली. सायकल गाडीत मागे ठेवायची आणि शाळेच्या अलीकडे बर्फावर खेळायच्या मैदानामागे त्याला उतरवायचं. तिथून तो रमतगमत पेडल मारत यायचा. मार्युतचं म्हणणं होतं, डॉक्टरला दाखव आणि शाळेत सांगून टाक. तो म्हणायचा, काय सांगू, म्हातारा झालो म्हणून?

तिला न दिसणारी आणखी एक गोष्ट तो करायचा. गाडी वळून गेली की वाकून मूठभर बर्फ घ्यायचा आणि दाढीत चोळायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी पारा उणे पंचविसाच्या खाली गेला होता आणि समुद्रावरून वारा सुटला होता. मैदानामागे इल्पो दाढीत बर्फ चोळत असताना वळणावरून हेन्रीकाची सायकल आली. तिने त्याला पाहिलं, ब्रेक दाबायला गेली, पण बोटं वळलीच नाहीत. ती तशीच सरळ येऊन त्याच्या पायाशी, कडेच्या बर्फाच्या ढिगात पडली.

लागलं नव्हतं. इल्पोने तिला उठवलं आणि हातमोजे ओढून काढले. बोटांची पेरं मेणासारखी पांढरी पडली होती.

"दुखतायत?"

"मघाशी दुखत होती. पुलावर दुखायची थांबली." तिचे ओठ नीट हलत नव्हते. "मला बरं वाटलं. म्हटलं, जमायला लागलं आपल्याला."

दुखणं थांबलं म्हणजे बोटं गोठायला लागली, हे इल्पोला ठाऊक होतं. त्याने जाकिटाची चेन उघडली, तिचे हात आत घेतले आणि काखांत दाबून धरले. दोघं तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू किती गरम आहेस." तिने मान वर केली. त्याच्या दाढीतला बर्फ वितळून ठिबकत होता. मग तिची नजर बर्फात नुकत्याच उमटलेल्या गाडीच्या टायरांच्या खुणांकडे गेली. हात काढून घ्यावेसे तिला वाटले, पण तेवढं बळ तिच्यात नव्हतं.

पेरांवर फोड आले. बोटं वाचली, पण डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना थंडी आता कायमची जास्त लागेल. फेब्रुवारीत मुलांचा गाण्याचा कार्यक्रम होता. पियानो दुसऱ्याच कुणीतरी वाजवला.

त्याआधी इल्पो तिच्या घरी गेला होता. हाताला पट्ट्या बांधलेल्या हेन्रीकाने कोपराने दार उघडलं. त्याने उंबऱ्यातच सगळं सांगितलं: दम, गाडी, बर्फ.

"गाडीने आलास त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण मग मला हसलास कशाला?"

मग मी आता काय करू, असं त्याने विचारलं.

"मला सांगून मोकळा होऊ नकोस. पोरांना सांग. तीही तुझ्या भीतीने जाड हातमोजे खिशात ठेवून येतात."

हे मात्र त्याला माहीत नव्हतं. मला तो नंतर म्हणाला की सगळ्यांत जास्त तेच लागलं. घरी जाताना वाटेत त्याने गाडी बाजूला घेतली आणि मार्युतला फोन केला, पण तिने उचलताच ठेवून दिला.

सोमवारी सकाळी शाळा जमली तेव्हा तो पुढे उभा राहिला. आवाज नेहमीचा नव्हता. मला दम लागतो, मी गाडीने येतो, दाढीला बर्फ लावून तुम्हाला फसवत होतो, असं त्याने सांगितलं. जाड हातमोजे घाला, बोटांना एकमेकांची ऊब मिळू द्या, मी हसलो ते चुकलं. मागे काही पोरं खिदळली. पुढच्या रांगेतली मुलं खाली बघत राहिली, कारण त्याचे कान लालबुंद झाले होते.

आता तो दम्याच्या औषधाचा फवारा घेतो आणि गाडी दारासमोर सगळ्यांच्या गाड्यांत लावतो. पहिल्या दिवशी बराच वेळ आतच बसून होता. हेन्रीका अजून सायकलनेच येते. दोघांचं बोलणं तासांच्या वेळापत्रकापुरतं असतं.

परवा कॉफीच्या वेळी तिला मुरंब्याच्या बरणीचं झाकण उघडेना. पकड अजून बसत नाही. इल्पो शेजारीच होता. त्याने बरणी घेतली, झाकण सैल करून परत तिच्यापुढे ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. ती आभार मानेल याची त्याला भीती वाटत होती. तिने मानले नाहीत.