दोन पळ्या तेल

मी पळी बोलतेय. देव्हाऱ्यातली नव्हे, चुलीजवळची. तीर्थ देणारी ती नाजूक पळी वेगळी. तिच्यात चिमणीचीसुद्धा तहान भागायची नाही. मी तेलाची. खोलगट वाटी, सरळ उभा दांडा आणि टोकाला आकडा, म्हणजे तेलाच्या डब्याच्या काठावर निवांत लटकता येतं. हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण याच्याचपायी आमच्या घरात एवढा घोळ झाला.

जन्म माझा भंडाऱ्याचा, अस्सल पितळेचा. मीराबाईंच्या लग्नात त्यांच्या आईनं मला भांड्यांत ठेवलं आणि सांगितलं, "पोरी, वाढतानी हात आखडू नोको." मीराबाईंनी ते कायमचं मनावर घेतलं. रश्शावर लाल तेलाची तर्री तरंगत नसली तर त्यांना भाजी शिजल्यासारखीच वाटत नसे. झुणक्यावर कच्चं तेल, ठेच्यावर तेल, खिचडीवर तेल. धर्मपाल जेवायला बसले की मी भरून वर यायचे, त्यांच्या ताटावर वाकायचे, आणि ते "बस, बस" म्हणेपर्यंत रिकामी झालेली असायचे. त्या नवरा-बायकोत गोडगोड बोलणं फारसं नव्हतं. जे होतं ते माझ्यातून ओतलं जायचं, आणि मला त्याचा गर्व होता.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, तेव्हा धर्मपालांची बदली तिथे झाली. फायली आल्या, टेबलं आली, साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग शंकर नगरच्या क्वार्टरमध्ये आमची भांड्यांची पेटी आली. त्यांची लेक मोनाली कॉलेजात जायला लागली आणि घरात हिंदी बोलू लागली. धर्मपालही "हो"च्या जागी "हव" म्हणू लागले. बदलले नाही ते मीराबाई आणि मी.

मग धर्मपालांच्या ऑफिसात तपासणीचं शिबिर झालं. त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. एरवी त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांचे थोरले भाऊ शामराव नेमके याच वयात, भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उभ्या उभ्या छातीला हात लावून कोसळले होते. घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नसे. त्या संध्याकाळी धर्मपालांनी ताट अर्धवट ठेवलं आणि मीराबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्याच दिवशी दोघं डॉक्टर मंजिरींकडे गेले. डॉक्टर पुण्याकडच्या. रायपुरात मराठी बोलणारे पेशंट भेटले म्हणून त्या खुलल्या. तळलेलं बंद करा, मटण क्वचित, पालेभाज्या, फळं, जवस रोजच्या जेवणात घ्या, आणि सकाळी चांगलं भरभर चाला, असं त्यांनी समजावलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. उतरलं नाही तर गोळी सुरू करू, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "भाजीला तेल किती घालता?"

"दोन पळ्या," मीराबाई म्हणाल्या.

"दोनच? मग छान आहे. तेवढंच ठेवा."

हे सगळं मीराबाईंनी घरी येऊन शेजारणीला दोनदा सांगितलं, म्हणून मला कळलं. माझी तर छाती फुगली. डॉक्टरांनी मला पास केलं होतं!

मग घर कामाला लागलं. धर्मपाल पहाटे बूट घालून निघू लागले. ऑफिसातले समोसे सुटले. जवस भाजून कुटलं जाऊ लागलं, लाल भाजीची, म्हणजे तांबड्या माठाची, जुडी रोज येऊ लागली. आणि मीराबाई अगदी इमानेइतबारे भाजीत मोजून दोन पळ्या तेल घालत होत्या. थेंबभर जास्त नाही की कमी नाही.

तीन महिन्यांनी तपासलं, तर काटा जागचा हललाच नव्हता.

धर्मपाल बाजेवर बसले आणि बराच वेळ बुटांच्या नाड्याच सोडत राहिले. "दादासारखंच लिहिलं असन आपल्यालेबी," एवढंच म्हणाले. मीराबाई स्वयंपाकघरात आल्या आणि डब्याच्या कडेला धरून रडल्या. मोनाली मागोमाग आली. "मम्मी, सच बताओ, पापा को चुपके से कुछ खिलाती तो नहीं?"

"मी काहून चारीन वं त्यायले? म्या तं डॉक्टरीनबाईनं सांगतलं तेच करून राहिली!" असं म्हणून त्यांनी मला डब्यातून ओढून काढलं, पुसलं आणि थैलीत टाकलं. "चाल. आता दाखवतोच तिले."

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेले, मोनालीही सोबत होती. मीराबाईंनी मला टेबलावर ठेवलं. "हे पाहा जी. अशा दोन."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, ही पळी? मला वाटलं पूजेची, आचमनाची!"

"आमच्या घरी पूजेची पळी कुठून येईन म्याडम? आमी बुद्धाले फुलं वाहतो, मेणबत्ती लावतो. आमच्यात पळी म्हणजे हेच."

डॉक्टर ओशाळल्या. चूक माझीच, मी विचारायला हवं होतं, असं त्या सरळ म्हणाल्या. त्यांनी एक छोटा चमचा काढला आणि नळाचं पाणी चमच्या-चमच्यानं माझ्यात ओतून दाखवलं. मी भरता भरेना. मला फार लाज वाटली, आणि रागही आला. मी माझ्या मापाची आहे; बुडवणारा हात तर माझा नव्हता ना!

मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "आणि मीराताई, तुम्ही काय जेवता?"

"मी काय जी, उरलंसुरलं."

"मैडम, मम्मी सबके बाद कढ़ाई में रोटी पोंछकर खाती हैं," मोनाली म्हणाली. "सारी तर्री वहीं तो बचती है."

डॉक्टरांनी मीराबाईंचं रक्त तपासायला सांगितलं. आजवर ते कोणी तपासलंच नव्हतं. रिपोर्ट आला, तर त्यांचं धर्मपालांपेक्षाही जास्त निघालं.

इतके महिने धर्मपाल शामरावांच्या मरणाला भीत होते. आता ते बायकोकडे बघून घाबरले. मला ते दिसलं, कारण त्या दिवशी पाणी पिण्याच्या निमित्तानं ते सारखे स्वयंपाकघरात येत होते.

डब्यात छोटा चमचा आला आणि मी खिळ्यावर गेले. भांडी घासणारी सरिता म्हणाली, "बाई, मोडीत देऊन टाका." एका रविवारी धर्मपालांनी मला खरंच पिशवीत घातलं आणि गोल बाजार गाठला. मी मनातल्या मनात सगळ्या भांड्यांचा निरोप घेतला. पण धर्मपाल मोडवाल्यापाशी थांबले नाहीत. पुढे जाऊन त्यांनी मला आतून-बाहेरून कल्हई करून घेतली, तेलाऐवजी आता चिंचेचं वरण वाढायला चालावी म्हणून.

आता पहाटे बुटांच्या दोन जोड्या दाराशी असतात. धर्मपालांचं बरंच उतरलंय. मीराबाईंना डॉक्टरांनी गोळीही दिलीय. त्यांचं सावकाश, पण उतरतंय. दम लागला की त्या म्हणतात, "काय तं पळवून राहिले मले!" आणि तरी चालतात.

मी म्हातारी झालेय, दांडा थोडा वाकलाय. तुम्हाला एकच सांगते: घरात कोणाचं काय वाढलंय ते तपासाल, तेव्हा सगळ्यांच्या मागून कढई पुसून खाणाऱ्या माणसाला विसरू नका.

आमच्याकडे रात्री आता तिघं एकत्र बसतात, आणि मी धर्मपालांच्या हातात असते. त्यांना नीट वाढता येत नाही, थोडं वरण सांडतंच. भरलेली मी मीराबाईंच्या ताटावर वाकते.

"घे वं, अजून एक पळी."

"पुरे जी," मीराबाई म्हणतात, पण ताटावर हात आडवा धरत नाहीत.