आधी मला बंद करा

मी टेबलपंखा बोलतोय. बोलताना मधेच खर्रर्र झालं तर सांभाळून घ्या, मान जुनी झाली आहे. तो रागाचा आवाज नव्हे. डोकं थंड ठेवणं हाच माझा धंदा, राग कुठून आणू?

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. मला जाग आली ती खोक्यातून काढून मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात ठेवलं तेव्हा. खरं तर ती एकट्या भाच्याची मावशी. पण तो दारातून सारख्या हाका मारायचा, त्यामुळे सगळा प्रभागच तिला मावशी म्हणू लागला, तिच्याहून थोरली माणसंसुद्धा.

शिवणाऱ्याच्या दुकानात पंखा मशीनकडे वळवत नाहीत. बेतलेलं कापड उडतं, कागदाचे नमुने दाराबाहेर जातात. म्हणून मावशी स्वतः घाम पुसत शिवायची आणि माझं तोंड कायम गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडे. "बसा, आधी वारा घ्या," हे तिचं पहिलं वाक्य, माप नंतर. उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू जायच्या. ते बघायला मला फार आवडायचं.

मावशीची लेक गल्लीच्या टोकाला बालवाडीत शिकवते. बालवाडीवर नुसता पत्रा. पूर्वी उन्हाळा कसाबसा निघायचा, पण अलीकडे दुपार झाली की मुलं गाणं म्हणता म्हणता माना टाकायची. एके दिवशी लेक एका चिमुरडीला उचलून दुकानात धावत आली. पोरीचा चेहरा लालबुंद, अंगात त्राण नाही. मावशीने तिला माझ्यासमोर मांडीवर घेतलं, ओल्या फडक्याने हातपाय पुसले. मी जीव तोडून फिरलो. पोर डोळे उघडून माझ्या पात्यांकडे बघत हसली, तेव्हा कुठे मावशीच्या जिवात जीव आला.

"मी निवडणुकीला उभी राहते," ती त्याच संध्याकाळी म्हणाली. "त्या पोरांच्या डोक्यावर नीट छप्पर आणि अंगणात झाडं. मला दुसरं काही नको."

भाचा नुकताच कॉलेजातून आकडेमोड शिकून आलेला. तो म्हणाला, "मावशी, याला हवामान बदलाचा मुद्दा म्हणतात. असा अंदाजाने घ्यायचा नसतो. आधी लोकांचं मत काढू."

आणि त्याने मत काढायला घेतलं. येईल त्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, मला जोरात सोडायचं आणि गटारं, दिवे यांच्याबरोबर हेही विचारायचं, "वाढत्या उन्हाचा तुम्हाला त्रास होतो का? हवामान बदलाची काळजी वाटते का?"

बस चालवणारे काका डोळे मिटून म्हणाले, "ते लांब कुठे बर्फ वितळतं, तेच ना? वितळू दे."

इस्त्रीवाली ताई पदराने वारा घ्यायचं थांबवून म्हणाली, "त्रास कसला? किती बरं वाटतंय."

भाच्याने बेरीज मांडली. हवामान बदल सगळ्यात खाली. "मावशी, हा मुद्दा पत्रकातून काढू या. मतं जातील."

"मग मी उभी कशाला राहिले रे?" मावशीचा चेहरा एवढासा झाला. तरी शिकलेल्या पोराच्या शब्दाबाहेर जावं असं तिला वाटेना. पत्रकात नुसती गटारं आणि दिवे राहिले.

तिच्या विरोधात होते गॅरेजवाले दादा, गेल्या वेळचे नगरसेवक. पोट सुटलं की पँट सैल करून घ्यायला आमच्याकडेच यायचे. माणूस तसा वाईट नाही. पण सभेत म्हणाले, "मावशी जगाचा ताप उतरवणार होत्या, आता त्यांचाच उतरलेला दिसतोय." लोक खो खो हसले. घरी आल्यावर मावशी जेवली नाही.

मग एका भर दुपारी वीज गेली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, मी गपगार. थोड्याच वेळात काका उठून दारात गेले. "घरी पाय ठेववत नाही हो. आई दिवसभर भिंतीला ओली चादर लावून बसते." इस्त्रीवाली म्हणाली, "मी दुपारचं दुकानच बंद ठेवते. दोनदा चक्कर आली. पोटावर पाय आलाय, सांगू कुणाला?" एकेकाचं तोंड उघडलं आणि थांबेना.

भाचा गोंधळला. "पण तुम्ही तर त्रास नाही म्हणाला होतात."

"अरे बाळा," काका म्हणाले, "पंख्यासमोर बसवून विचारलंस, मग आम्ही काय म्हणणार?"

मावशीने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि पोट धरून हसली. भाचाही कान धरून हसला. मी काय बोलणार? मी बिचारा मन लावून काम करत होतो.

छप्पर पत्रकात परत आलं. आता मावशी ऐन उन्हात दारोदार जायची आणि एवढंच विचारायची, "दुपारी कुठे बसता?" लोक तिला आत ओढून पत्र्याला हात लावून दाखवायचे. ते दादांच्या कानावर गेलं आणि शेवटी शेवटी त्यांचेही फलक लागले, 'गार बालवाडी, आमचा शब्द'.

दादा निवडून आले, मावशी थोडक्यात हरली. लोकांसमोर हसली, दुकानाचं दार लावल्यावर रडली. मला फार वाईट वाटलं. मला वाराच तेवढा घालता येतो, तो घातला.

दुसऱ्या दिवशी तिने मला उचलून बालवाडीत आणून ठेवलं. "छप्पर होईपर्यंत हा इथेच." तेव्हापासून मी इथे आहे. मुलं माझ्यासमोर तोंड आणून "आऽऽऽ" करतात, आवाज थरथरला की खिदळतात. मला या वयात इतकं लाडाचं कुणी मिळेल असं वाटलं नव्हतं. पण पत्रा इतका तापतो की मीही गरमच वारा फेकतो, आणि तो सगळ्यांना पुरत नाही.

काल गॅरेजवाले दादा पाहणीला आले, मावशीही आली होती. लेकीने रीतीप्रमाणे माझ्यासमोर खुर्ची दिली. दादा ऐसपैस बसले, रुमालाने मान पुसून म्हणाले, "मावशी, इथे तर छान वारा आहे की. छपराचं पुढच्या वर्षी बघू."

मावशी पुढे आली आणि माझं बटण बंद केलं.

"बसा, दादा. शाळा सुटेपर्यंत बसा."

माझी पाती थांबली. दादांनी आधी कॉलर सैल केली, मग हातातल्या कागदाने वारा घेतला. कोपऱ्यात एक पोर भिंतीला डोकं टेकून पेंगायला लागलं होतं. दादा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची सोडून उठले आणि वर पत्र्याकडे पाहत म्हणाले, "मावशी, टेप आहे का?"

मावशीच्या गळ्यात टेप नेहमीच असते. एक टोक तिने दादांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोघांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घ्यायला सुरुवात केली.

छप्पर झालं की मी दुकानात परत जाईन, खुर्चीकडे तोंड करून बसेन. तोवर एक विनंती. कुणाला उन्हाबद्दल काही विचारायचं असेल, तर खुशाल विचारा. फक्त आधी मला बंद करा.