बेसूर शिवण

"धूळच आणायची होती, तर आमच्या पलंगाखाली काय कमी होती? मला सांगितलं असतं, तर पिशवी भरून दिली असती!" इस्त्रीवाल्या मावशींनी हातातली इस्त्री उभी ठेवून जाहीर केलं, आणि सगळा शिवणखाना खदखदून हसला.

त्या सकाळी कुणाचंच कामात चित्त नव्हतं. साहेबांनी स्वतः जेवणघरातला मोठा टीव्ही उचलून आणून कापडाच्या टेबलावर ठेवला होता. सूर्याभोवती फिरणाऱ्या कुठल्याशा एवढ्याशा खडकावरची मूठभर धूळ घेऊन एक डबा आकाशातून खाली यायचा होता, आणि तो डबा जमिनीवर अलगद टेकवणारी छत्री आम्ही शिवली होती. आम्ही! एरवी आमचं शिवलेलं कुठं जातं ते आम्हाला कळतही नाही. आज सगळं जग बघणार होतं.

मतं तर अशी उडत होती, की विचारू नका.

"त्या धुळीतून एखादा रोग आला म्हणजे?" कातरमामा म्हणाले. कापड कापायचं काम त्यांचं, पण कातर जिभेचीही चालते, म्हणून हे नाव. "डबा उघडायचा आणि शिंकत बसायचं सगळ्यांनी!"

"तुम्ही गप्प बसा हो, मामा," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला मोबाइल आला तेव्हाही कान सडतील असं वाटलं होतं. आता तोच कानाला लावून झोपता!"

सकाळी चहा घेताना माझा मुलगाही असाच बातम्या वाचून फुलला होता. "आई, त्या धुळीत आपल्या सगळ्यांच्या जन्माचं मूळ सापडेल म्हणतात!" मी म्हटलं, "बाळा, देव हे सगळं घडवायला बसला, तेव्हा हात झटकताना उडालेली माती असेल ती. ती बघायची उत्सुकता मला नसेल तर कुणाला असेल?" त्यानं हात जोडले. पण मी थट्टेनं बोलले नव्हते. माझे वडील गाऊन निरूपण करायचे. बोलता बोलता पद धरायचे आणि भरल्या सभेला डोलायला लावायचे. ते म्हणायचे, माणसानं नवल वाटून घ्यायचं सोडलं, की त्याची भक्तीही आटते. म्हणून मी नवल वाटून घ्यायला सदा तयार.

सगळ्या शिवणखान्यात एकच माणूस टीव्हीकडे पाठ करून बसलं होतं. माझी सून.

तिचं मशीन माझ्या शेजारचंच. घरी ती मला आई म्हणते, इथंही आईच म्हणते. सगळे टीव्हीभोवती जमले तरी ती जुन्या तुकड्यांतले दोरे उसवत बसली होती. उसवायचं काहीएक कारण नव्हतं. कारण होतं ते मनात.

झालं होतं असं. ही छत्री म्हणजे लांबच लांब कळ्या, म्हणजे निमुळते पट्टे, एकमेकींना जोडून केलेला मोठा घेर. कळीला कळी जोडताना कापड दुमडून दुहेरी शिवण घालायची, आणि ती वरपासून खालपर्यंत एका चालीनं जायला हवी. पाय घाईला आला, की टाका लांबतो. रेंगाळला, की कापड गोळा होतं. म्हणून आम्ही बायका गातो. पद सुरू झालं की पायही त्याच चालीत पडतो. मी आजवर वडिलांच्या एकाच पदावर शिवत आले:

सोडलेस तू वरून देवा,
झेल आता तूच खाली...

आणि या छत्रीची नारिंगी कळी माझ्याकडे आली, त्याच दिवशी माझा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. मी सुनेला खुणेनं म्हटलं, तू गा, मी शिवते. ती बिचारी मनापासून गायली. पण देवानं तिला सगळं दिलं, सूर द्यायचा तेवढा राहिला. 'झेल'पाशी चढायचं तिथं ती उतरायची, उतरायचं तिथं चढायची. तरी लय मात्र सोडली नाही. मी तिच्या लयीवर पाय ठेवला आणि शिवण पुरी केली. तपासणीच्या बाईंनी उजेडावर धरून पाहिली आणि शिक्का मारला.

कातरमामांना एवढं खाद्य पुरे होतं. "सूर हलला, शिवण हलली," त्यांनी टाळी मागितली. "पोरी, ही छत्री वर फाटली, तर शास्त्रज्ञ यंत्रांत दोष शोधत बसतील. आम्हाला माहीत असेल, दोष गळ्यात होता!"

पहिल्या दिवशी तीही हसली. पण मामा काही थांबेनात. रोज नवा टोला. तिनं एकदा म्हटलं, "मामा, तपासणीत पास झालीय ती." तर हे म्हणतात, "तपासणीत टाके दिसतात गं, सूर थोडाच दिसतो?" मी त्यांना चांगलं झापलं, पण तोवर ते तिला लागलं होतं. तिनं गाणं सोडलं. भांडी घासताना गुणगुणायची, ते बंद. डबा वर जाऊन यायला वर्षं लागली; मधल्या काळात झालेली माझी नात अजून पाळण्यात झोपते. तिलाही नुसती थोपटून झोपवायची, ओठ मिटून. मुलानं समजावलं, मी समजावलं. एकदा तिनं मला म्हटलं, "आई, ती नीट उतरली तर बघू. फाटली तर जन्मभर हेच ऐकायचंय मला." तेव्हापासून माझं चित्त त्या डब्यात अडकलेलं. जगाला धूळ हवी होती. मला माझ्या सुनेचा गळा परत हवा होता.

"आला! आला!" मावशी ओरडल्या.

पडद्यावर निळ्या आकाशात एक ठिपका. निवेदक भरभर बोलत होता, शेजारचा तज्ज्ञ त्याच्याहून भरभर. आधी छोटी छत्री निघाली, तिनं डबा सावरला. "आता ही छोटी मोठीला ओढून बाहेर काढेल," तज्ज्ञ म्हणाला. मी उठून उभी राहिले. सगळेच उभे राहिले. सुनेचे हात दोऱ्यांवर थबकले, पण मान वळली नाही.

मोठी छत्री बाहेर आली. पण उघडली नाही. पिळून काढलेल्या धुण्यासारखी लांबट, चुरगळलेली, डब्यामागून फडफडत राहिली.

"अं... एव्हाना उघडायला हवी होती," तज्ज्ञ म्हणाला, आणि गप्प झाला. इतका बोलणारा माणूस गप्प झाला की धस्स होतं.

कातरमामांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक. कापलेलं तर त्यांनीच होतं ना! त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि कसनुसं म्हणाले, "पोरी, मी आपलं उगाच..."

मी काय केलं ते माझं मला कळलं नाही. डोळे पडद्यावर, हात जोडलेले, आणि तोंडातून पद निघालं. जोरात. सोडलेस तू वरून देवा, झेल आता...

सून गर्रकन वळली. "आई! तुम्ही माझ्यासारखं म्हणताय!"

खरंच की! 'झेल'पाशी मी उतरले होते. वडिलांनी मांडीवर बसवून घोटून घेतलेली चाल, आणि मी ती तिच्यासारखी म्हणत होते! सुधारायला गेले, तर सुधरेना. ती शिवण माझ्या पायात त्याच चालीनं बसली होती.

"मग तू म्हण की नीट!" मी ओरडले.

"मला तरी कुठं नीट येतं!" ती म्हणाली. रडत होती की हसत होती, देव जाणे. आणि पडद्याकडे बघत, माझा हात घट्ट धरून तिनं पद उचललं. मोकळ्या गळ्यानं. बेसूर, भलतंच बेसूर! मग मावशींनी धरलं, मागच्या रांगेनं धरलं. कळी शिवली त्या दिवशी सगळ्यांनी ते ऐकलं होतं, आणि सगळ्यांना ते तसंच पाठ झालेलं! साहेब दारात उभे राहून तोंड हलवत होते, ते काय म्हणत होते कुणास ठाऊक.

झेल आता तूच खाली...

आणि पिळा सुटला! आधी एका बाजूनं फुगली, मग दुसऱ्या, आणि एका झटक्यात पूर्ण घेर उघडला. नारिंगी, पांढरी, नारिंगी, पांढरी. उन्हानं भरलेली. निवेदकाचा आवाज चिरकला. कुणी टेबल बडवलं, कुणी कापडाचे तुकडे उधळले. मावशींनी तर इस्त्रीच उंच धरून नाचायला घेतलं. ती थंड होती म्हणून बरं.

"ती बघ, आपली!" मी सुनेला पडद्याशी ओढत नेलं. कुठली कळी आपली ते इतक्या लांबून खुद्द देवालाही सांगता आलं नसतं. पण मी एका नारिंगी कळीवर बोट ठेवलं, तिनंही त्याच कळीवर ठेवलं, आणि डबा आमच्या दोघींच्या बोटांखालून हळूहळू उतरत मातीला टेकला.

कातरमामा डोळे पुसत पुढे आले. "उद्यापासून नव्या छत्रीचं कापड कापायला घेतोय," ते म्हणाले. "गाशील ना गं?"

"मी गायले तर तुमची कात्री वाकडी जाईल, मामा."

"जाईना का! त्या तपासणीवाल्या बाई कशासाठी आहेत?"

"आणि तुमची जीभ कोण तपासणार?" सून म्हणाली, तशी मावशी म्हणाल्या, "ते माझ्याकडे लागलं. इस्त्री गरम करून ठेवते." मामांनी कान धरले, आणि यावेळी टाळी मागितली ती सुनेनं.

घरी आलो, तर मुलगा दारातच. "आई, पाहिलीस? आता ती धूळ प्रयोगशाळेत नेणार, मग..." त्याच्याकडे पुढचं आठवडाभर पुरेल एवढं होतं. पण आतून पद ऐकू आलं आणि तो मध्येच थांबला.

सून पाळणा हलवत होती. नातीला आईचं गाणं नवीनच होतं. ती झोपायचं सोडून डोळे विस्फारून तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि 'झेल' आलं की पाय झाडून खिदळायची. दर खेपेला त्याच जागी. सून पुन्हा सुरू करायची, ती पुन्हा खिदळायची.

"आज काही ही झोपत नाही," मुलगा म्हणाला.

"नको झोपू दे," मी म्हटलं, आणि पाळण्याची दुसरी दोरी धरून मीही तिच्यामागून उतरत्या सुरात म्हणायला लागले. वडील असते तर त्यांनी आधी माझा कान पिळला असता. मग बहुतेक तेही तसंच म्हणाले असते.