धुरपताबाईची मूठ

उकंडरावाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मूठवाले महाराजांनी दोन कुंड्या मांडल्या होत्या. एकीत गव्हाला भरगच्च ओंब्या, दुसरीत नुसतं हिरवं गवत. बियाणं एकच, पेरणीही एकाच दिवशी. पहिली कुंडी महाराजांच्या मुठीची, दुसरी धुरपताबाईच्या.

"पाहा भक्तहो! या बाईची मूठ वांझ! ओंबी पोटातच रुसते!" महाराज गरजले.

ओंबी कशी रुसते, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही, कबूल करतो.

गावात पेरणीची पहिली मूठ तीस वर्षं धुरपताबाईच टाकायची. गेल्या साली उकंडरावानं अमरनाथच्या यात्रेहून हौसेनं तिकडचा गहू आणला, तिच्या हातून पेरला, आणि फाल्गुन उलटला तरी ओंबी नाही. खापर तिच्यावर फुटलं. म्हणून यंदा ही परीक्षा. महाराजांनी दसऱ्यालाच आपल्या वाट्याचा गहू मठात 'सिद्ध' करायला नेला होता. आता म्हातारीला कुणी शेताच्या धुऱ्यावरही उभं करणार नव्हतं. ती मान खाली घालून बसली होती. मला भयंकर राग आला.

तेवढ्यात कृषी विद्यालयात शिकवणारी पल्लवी तिसरी कुंडी घेऊन आली. तिच्यातही ओंब्या, आणि चांगल्या दाट.

"हे कोनं पेरलं वं?" उकंडरावानं विचारलं.

"धुरपतामायनं. तुमच्याच बियाण्यातलं."

महाराजांनी डोळे मिटले. "आमचा मंत्र उडून तिकडे गेला!"

"मंत्र नाही महाराज, फ्रिज! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मठात प्रसादाले गेली होती. सेवकानं पेढे काढाले फ्रिज उघडला, तं खालच्या कप्प्यात फडक्यात ओला गहू. मी बी घरी तसाच दीड महिना ठेवला, अन् मायच्या हातानं पेरला."

"पन गव्हाले फ्रिज कायले?"

"हा बर्फाच्या मुलखातला गहू, काका. त्याच्या अंगातच एक जनुक ओंबी अडवून धरते. नाही तं कवळी ओंबी बर्फात मरन. लय दिवस गारठा लागला, म्हनजे हिवाळा सरला असं समजून ते जनुक मागं सरते. आपल्या इथली थंडी आपल्याले हुडहुडी भरवते, पन त्याले पुरत नाही. आपला गहू असा अडून बसत नाही."

महाराज उपरण्यानं कपाळ पुसू लागले.

"गव्हाले गारठा, अन् महाराजाले घाम!" धुरपताबाई बोलली. अंगण खदखदून हसलं. हसणं थांबेपर्यंत महाराज मागच्या दारानं पसार झाले. प्रसादाला आणलेले पेढे मात्र अंगणातच विसरले.

उकंडराव ओशाळला. आतून उन्हाळी मुगाचं बियाणं घेऊन आला. "चाल माय, मूठ तूच टाक."

"टाकतो," धुरपताबाई उठली. "पन उगवलं नाही, तं बियानं तपास, माती तपास, हवा तपास. माहा हात नको तपासू."